न बोलणाऱ्या मुलाचे घर बघायला कर्जतला

आमच्या माण तालुक्यात मुलीला बाहेरगावचे स्थळ आले की घरातली मोठी माणसे पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात, तिकडे पाणी आहे का. पगार, शेत, स्वभाव हे सगळे त्यानंतर. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीला, सुवर्णाला, कर्जतचे स्थळ आले आणि मध्यस्थाने सांगितले की घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर नदी आहे व ती उन्हाळ्यातही वाहते, तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मुलगा न बघताच अर्धा होकार देऊन टाकला.

उरलेला अर्धा सुवर्णाकडे होता आणि ती तो देईना. मुलगा, म्हणजे निलेश, आईवडिलांना घेऊन आमच्याकडे येऊन गेला होता. त्या बैठकीत त्याचे वडील भरपूर बोलले. निलेशला नोकरीबद्दल विचारले तर वडिलांनी सांगितले. आवडीनिवडी विचारल्या तर वडिलांनीच सांगितल्या. निलेशच्या तोंडून सबंध दुपारी एकच शब्द बाहेर पडला. चहात साखर कमी झाली आहे, चालेल का, असे आईने विचारल्यावर तो "चालेल" म्हणाला. तेही त्याचे वडील तेव्हा पाणी पीत होते म्हणून.

सुवर्णा औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर माणसांशी बोलण्याचेच तिचे काम. ती मला म्हणाली, "दादा, मुलगा बरा आहे, नोकरी बरी आहे. पण त्याला बोलता येतं का, तेवढं बघून ये. मला जन्मभर त्याच्या वडिलांशी बोलायचं नाही."

मुलाचे घर बघायला मुलीकडची चारपाच माणसे जाण्याची आमच्याकडे रीत आहे. पण आबांचा गुडघा धरला होता आणि चुलत्यांचा कांदा काढणीला आला होता. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. खताच्या पिशवीवर काय लिहिले आहे इथपासून वाचण्याची व पारखण्याची सगळी कामे माझ्याकडे येतात. घरच्यांनी स्वतः मागे राहून मला शिकवले, तेव्हा अशा कामाला नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मी शिकवतो त्या शाळेत रजेचा अर्ज दिला आणि थंडीतल्या एका शुक्रवारी एकटाच निघालो.

शिळफाटा, शुक्रवार

पुण्याहून घाट उतरून मी खोपोलीच्या शिळफाट्यावर उतरलो, तेव्हा पहिली जाणीव झाली ती हवेची. आमच्याकडे थंडीत ओठ फुटतात. इथे हवा ओलसर, मऊ होती. समोर हमरस्त्याची वर्दळ, दुकाने, रिक्षा, आणि त्या सगळ्याच्या मागे एकदम उभा राहिलेला हिरवा डोंगर. डोंगर इतका जवळ असतानाही लोक त्याच्याकडे पाठ करून वडापाव खात होते, याचे मला नवल वाटले.

निलेशचे वडील मला न्यायला आले होते. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. कर्जतला लागूनच असलेल्या भिसेगावात त्यांचे घर आणि भाताची गिरण आहे. शिळफाट्यावरच्या दुकानाला तांदूळ पोचवायला ते टेंपो घेऊन आले होते आणि जाताना त्यात मला भरून नेणार होते. त्यांनी दुरूनच हात केला आणि जवळ येईपर्यंत बोलायला सुरुवातही केली.

"काय मास्तर, प्रवास कसा झाला? चांगलाच झाला असंल. भूक लागलीय? लागलीच असंल."

माझ्या हातात दोन वडे आले. आण्णांची पद्धत पाच मिनिटांत माझ्या लक्षात आली. ते प्रश्न मनापासून विचारतात, पण उत्तर यायला जो वेळ लागतो तो त्यांना वाया जाऊ द्यायचा नसतो. वडेवाल्याने मला कुठून आलात विचारले, तर आण्णांनी माझे गाव, माझी नोकरी, आमच्याकडचा दुष्काळ आणि माझ्या वडिलांचा गुडघा हे सगळे सांगून टाकले. ते बरोबरही होते. मी फक्त मान हलवली. कर्जतला पोचेपर्यंत मला कळून चुकले की शिळफाट्यापासून मीही एकदाच बोललो होतो, आणि तेही "चालेल" असेच.

रस्ता मात्र सुंदर होता. भात केव्हाच कापून झालेले होते, आणि त्याच शेतांत उरल्यासुरल्या ओलीवर वाल हिरवागार उभा होता. आमच्याकडे एक पीक घेऊन जमीन आणि माणूस दोघेही दमतात. इथली जमीन मागे लागून पीक देते असे वाटले. मध्येच शहरातल्या लोकांची फार्महाऊसे, त्यांच्या दारांवर इंग्रजी नावे, आणि दारासमोर निवांत बसलेल्या गावच्या म्हशी.

घरी पोचल्यावर काकूंनी, म्हणजे निलेशच्या आईने, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि नदीचे मासे वाढले. जेवण इतके चवदार की मी पोट गच्च होईपर्यंत जेवलो, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाचे तांदळाने असेच होते. काकूंना मात्र वाटले की माणदेशात लोकांना खायलाच मिळत नाही. त्यानंतर त्या मला सारखे वाढतच राहिल्या.

ज्याला बघायला आलो तो घरी नव्हता. निलेश मुंबईला कामाला जातो. भल्या पहाटेची गाडी पकडायची आणि अंधार पडल्यावर परत यायचे. तो आला, मला हात जोडून छान हसला आणि जेवायला बसला. त्याचा दिवस कसा गेला हे मी विचारले. आण्णांनी सांगितले. साहेब रजेवर होते, डबा बाराऐवजी दीडला खाल्ला, येताना गाडीला उशीर झाला. हे सगळे आण्णांना कसे ठाऊक, असे मी विचारले तर ते म्हणाले, "तोंडावर दिसतं ना." निलेशने मान डोलावली, म्हणजे तेही बरोबर असावे.

भिसेगाव, शनिवार

मी उठलो तेव्हा निलेश निघून गेला होता. दोरीवर त्याचा ओला टॉवेल तेवढा होता. माणूस पारखायला आलो आणि हाती टॉवेल लागला. तेव्हा गावात चौकशी करायची ठरवली.

मी आडून आडून विचारत गेलो. केस कापायच्या निमित्ताने न्हाव्याकडे बसलो. तो म्हणाला, निलेश म्हणजे गरीब पोरगा, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. चहावाल्याने हेच सांगितले. किराणावाला म्हणाला की मुलगा हिरा आहे. मी विचारले, बोलायला कसा आहे? तिघांनीही थोडा विचार केला आणि तिघांनीही सांगितले, आण्णा फार बोलके आहेत. मी दाढीही करून घेतली, पण याहून जास्त माहिती निघाली नाही.

उन्हे वर आल्यावर काकू कपडे घेऊन नदीवर निघाल्या. मीही गेलो. रूळ ओलांडून, बाजारातून वाट काढत आम्ही उल्हास नदीवर पोचलो. काळे गुळगुळीत खडक, त्यांच्या मधून खळाळत जाणारे स्वच्छ पाणी, काठावर करंजाची झाडे, आणि पाण्यावर सूर मारणारा निळा खंड्या. भर हिवाळ्यात वाहती नदी मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमची माणगंगा या दिवसांत पायवाट असते.

काकूंनी सांगितले की वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी वीजघर आहे. डोंगरावरच्या तलावाचे पाणी नळातून खाली येते, वीज करते आणि मग नदीत सोडतात. म्हणून नदीला बारा महिने पाणी. पण ते दिवसभर सारखे नसते. वीज लागली की पाणी वाढते, नको झाली की उतरते. नदीवरची माणसे या चढउतारावर कपडे धुतात, म्हशी धुतात, पलीकडे जातात.

काकू बोलता बोलता थांबल्या, समोरच्या खडकाकडे पाहिले आणि बायकांना म्हणाल्या, "पानी आलं गं." सगळ्यांनी बादल्या उचलल्या आणि वर सरकल्या. माझे पाय मात्र उलट दिशेने निघाले. आमच्याकडे पाणी आले म्हटले की माणूस पाण्याकडे धावतो, आणि लहानपणापासून अंगात भिनलेली ही गोष्ट पदवीने जात नाही. चपला भिजल्यावर मी भानावर आलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंनी त्यांना दटावले, "हसू नका गं, त्यांच्याकडं नाय येत पानी."

परतताना मी धीर करून काकूंना सरळ विचारले की निलेश बोलतो का. त्या म्हणाल्या, "बोलतो तर. न्हानीत गेला का बोलतो. गानी पन म्हनतो."

संध्याकाळी सुवर्णाचा फोन आला. बोलतो का, हाच पहिला प्रश्न. मी म्हणालो, अजून संधी आली नाही. ती म्हणाली, "मग दोन दिवस तू तिथं काय करतोयस, भात खातोयस?"

मी त्या वेळी भातच खात होतो.

नदी, रविवार

रविवारी निलेशला सुट्टी. तो आंघोळीला गेला तेव्हा मी टॉवेल खांद्यावर टाकून, आपला नंबर असल्यासारखा, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून तांब्याचा आवाज आला, आणि मग खरोखर कुणीतरी गुणगुणायला लागले. मी कान लावला. तेवढ्यात मागून आण्णा आले. "निलेश, आटप रं, मास्तरांना जोराची लागलीय." आतले गाणे बंद झाले. मला काहीही लागलेले नव्हते, पण आता जाणे भाग होते.

दुपारी पोपटीचा बेत ठरला होता. या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मातीचे मडके घ्यायचे, आत भांबुर्डा नावाच्या रानटी झाडाचा वासाचा पाला पसरायचा, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे भरायचे, तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा. मग मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती काटक्या, पेंढा रचून पेटवायचे. आत पाण्याचा थेंब नाही. सगळे आपल्याच वाफेवर शिजते.

पाला आणायचे काम मी हौसेने मागून घेतले आणि टोपलीभर घेऊन आलो. आण्णांनी एक पान नाकाला लावले आणि टोपली माझ्यासकट दूर केली. ते गाजरगवत निघाले. मी इतिहासाचा शिक्षक आहे. संध्याकाळपर्यंत माझे हात खाजत होते.

शेतात पेंढ्याच्या गंजी असतात, ठिणगी उडायची भीती, म्हणून आण्णांकडची पोपटी नदीतच लागते. पात्राच्या मध्ये गोट्यांचे एक उंच बेट आहे, वर दोनतीन झाडे. पाणी उतरलेले असताना दगडांवरून पाय ठेवत तिथे जाता येते. आम्ही गेलो. मी पाणी कधी येईल हे विचारले. आण्णा म्हणाले, "आज रविवार. कारखाने बंद. कारखाने बंद म्हंजे वीज कशाला लागंल? वीज नाय तर पानी नाय. अंधार पडंपर्यंत फिकीर करू नका."

हा हिशेब तिथल्या सगळ्यांना तोंडपाठ होता आणि मलाही पटला.

निलेशने मडके भरले, उपडे ठेवले, पेटवले. सगळे न बोलता, पण फार नीटनेटके. जाळ लागला तेव्हा लक्षात आले की कांदे, पत्रावळी आणि प्यायचे पाणी घरून आणलेल्या पिशव्यांसकट काठावरच राहिले आहे. आण्णा आणि काकू ते आणायला दगडांवरून पलीकडे गेले. लावलेली पोपटी सोडून जात नाहीत, म्हणून निलेश थांबला. निलेशला सोडून जायचे नाही, म्हणून मी थांबलो.

आण्णा काठावर पोचले आणि पाणी आले.

कारखाने बंद असताना वीज कुणाला लागली कोण जाणे. आधी पहिला दगड ओला झाला, मग दिसेनासा झाला, आणि बघता बघता आमच्या आणि काठाच्या मध्ये कमरेएवढा वेगवान प्रवाह उभा राहिला. बेटाला धोका नव्हता, हिवाळ्यात ते कधी बुडत नाही. पण पाणी उतरेपर्यंत जाता येत नव्हते. पलीकडून आण्णा हातवारे करून काहीतरी सांगत होते. प्रवाहाच्या आवाजात त्यातले एक अक्षर पोचत नव्हते.

निलेशने काठाकडे पाहिले. पाण्याकडे पाहिले. मग माझ्याजवळ येऊन गोट्यांवर बसला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला कंटाळा आला असेल."

इतके मोठे वाक्य ऐकून मी त्याच्याकडे नीट वळून बसलो. आणि तो बोलायला लागला. आवाज चांगला, भारदस्त होता. ही नदी, लहानपणी शिकलेले पोहणे, ऑफिसातली माणसे, न्हाणीतले गाणे मध्येच का थांबले, सगळे बोलला. गमतीने बोलला. मी मोकळेपणाने हसलो. शेवटी विचारले, मग घरी का बोलत नाही?

"आण्णा बोलतात ते बरोबरच असतं दादा. फक्त माझ्या आधी असतं." जाळात काटकी सरकवून तो पुढे म्हणाला, "तुमच्याकडे आलो तेव्हा एकच विचारायचं होतं. मी दिवसभर घरात नसतो. लग्नानंतर घर म्हणजे आण्णा आणि आई. संध्याकाळी मी येतो तेव्हा दमलेला असतो. हे तुमच्या बहिणीला चालणार आहे का? नाहीतर पाणी बघून लग्न करायचं आणि मग रोज माझी वाट बघत बसायचं."

मला त्याचा प्रश्न फार आवडला. मी लगेच सांगितले की सुवर्णा स्वतः नोकरी करते, तिला माणसांत राहायला आवडते, इथेही औषधांची दुकाने आहेत, तिला चालेल, अगदी...

"दादा," तो हळूच म्हणाला, "मी त्यांनाच विचारलं तर?"

माझे उघडे तोंड मी मिटले. मला एकदम आण्णांची आठवण झाली, आणि ते तर समोरच उभे होते.

मी फोन लावला. सुवर्णाला म्हणालो की तुला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मी विचारणार नाही. फोन निलेशच्या हातात दिला. तो उठून बेटाच्या टोकाला, झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याची पाठ मला दिसत होती. आधी ती ताठ होती. मग एक हात हलायला लागला. मग तो हसला.

इकडे पोपटीची जबाबदारी माझ्यावर आली. मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे, चर्र आवाज झाला की झाली, एवढे मला सांगून ठेवले होते. मी ओंजळभर नदी आणून शिंपडली. मडके जोरात चरचरले. पोपटी झाली होती. पण उतरवायची कशी, हे निलेशला ठाऊक, आणि निलेश फोनवर. पाणी आता थोडे उतरले होते आणि पलीकडचे शब्द ऐकू यायला लागले होते.

"मास्तर, काढा ती," आण्णा ओरडले. "वास सुटलाय. करपंल. निलेश काय करतोय तिकडं?"

मी निलेशकडे पाहिले. तो आता झाडाला टेकून, एक पाय दुमडून, निवांत बोलत होता. मडक्यातून वालाचा खरपूस वास येत होता, आणि त्यात खालची शेंग लागल्याचा वासही यायला लागला होता. कोंबडी होती, अंडी होती, सबंध घराची आठवडाभराची हौस त्या मडक्यात होती. मला खरोखर वाईट वाटत होते.

"करपू द्या, आण्णा," मी ओरडून सांगितले. "ते सुवर्णाशी बोलतायत."

आण्णांनी वर केलेला हात खाली घेतला. काकूंनी हातातली पत्रावळींची पिशवी खाली ठेवली आणि काठावरच्या दगडावर बसून घेतले.

बऱ्याच वेळाने निलेश आला. फोन माझ्या हातात आला तेव्हा गरम झाला होता. फोनवर अजून सुवर्णा होती. म्हणाली, "दादा, आबांना माझा होकार सांग. आणि आता तुझी चौकशी पुरे, उद्याच्या गाडीनं ये."

मी निलेशकडे पाहिले. त्याने मान डोलावली नाही. तो म्हणाला, "पोपटी करपली वाटतं," आणि काटकीने जाळ बाजूला सारायला लागला.

तेवढ्यात पलीकडून आण्णांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "काय झालं रं? काय म्हनाली पोरगी?"

मी उत्तर द्यायला श्वास घेतला होता, पण सोडून दिला. निलेश काटकी टाकून पाण्याच्या कडेला गेला. त्याने हातांचा कर्णा केला आणि अशा आवाजात सांगितले की करंजावरचे बगळे उठले.

"हो म्हनालीय, आण्णा!"

आण्णा दचकले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग काकूंकडे, मग कानामागे हात धरून आमच्या बेटाकडे मान वळवली.

"आवाज कोनाचा हाय हा?" त्यांनी विचारले, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.